एकाच जातीचे दोन नाग

देवासला लोक मला 'जहरवाले डाक्टर' म्हणत. त्यातले डॉक्टर खोटे होते. मी होतो दरबारच्या दवाखान्यातला हॉस्पिटल असिस्टंट. जखमा बांधायच्या, देवी टोचायच्या, मुडदे तपासायचे आणि मोठे डॉक्टर दौऱ्यावर गेले की त्यांच्या खुर्चीत न बसता त्यांचे सगळे काम करायचे, अशी ती नोकरी. जहर मात्र खरे होते.

हे शतक नुकते सुरू झाले होते. मुंबईकडे सर्पदंशावर लस तयार करण्याची खटपट चालू होती आणि त्यासाठी नागाचे विष हवे असे. लस आमच्यापर्यंत पोचायला पुढे बराच काळ लागला, पण विष आमच्याकडून तिकडे नेमाने जाई. ते काढण्याचे काम माझ्याकडे आले, कारण दुसरा कोणी तयार होईना.

न पाहिलेल्यांसाठी रीत सांगतो. काचेच्या लहान पेल्याच्या तोंडावर केळीचे पान ताणून बांधायचे. गोमानाथ नावाचा कालबेलिया गारुडी नागाची मान धरी आणि तोंड पेल्याच्या काठाशी आणी. नाग पानात दात रोवी आणि आत थेंब पडत. कोणाचे पाण्यासारखे स्वच्छ, कोणाचे मोहरीच्या तेलासारखे पिवळे. सगळ्यांचे एकत्र करायचे, सावलीत वाळवायचे, बाटलीत बंद करून लाखेने मोहोर करायची आणि रवाना करायचे. रंग वेगळे का, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

बाटलीच्या खोलीची किल्ली माझ्या जानव्याला असे, आणि ती तिथे का असते हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे नाना तऱ्हेची माणसे भेटायला येत. एका जहागिरीचे कामदार मालकाच्या शक्तीच्या गोळीत घालायला चिमूटभर मागायला आले. एका शेटजींना ते 'चूहों के वास्ते' हवे होते. "उंदरांना सोमल पुरतो की," मी म्हणालो. ते म्हणाले, "सोमल तो पकड में आ जाता है, भिया." म्हणजे उंदीर मेल्यावर त्याची चौकशी व्हायची होती! अशा नोकरीत माणूस लवकर संशयी होतो. मीही झालो होतो.

आता ज्या प्रकरणासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

देवास हे तेव्हा एक गाव आणि दोन राज्ये होते. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक दरबार, त्या अंगाला दुसरा. थोरल्या पातीच्या पागेवर एक मराठा सरदार होते, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. त्यांची पत्नी आक्कासाहेब. धाकटे भाऊ रघुनाथराव आणि त्यांची पत्नी कृष्णाबाई. घर एकत्र होते, पण दोन्ही जावांचे पटत नव्हते. कृष्णाबाईंना मूल नव्हते, आक्कासाहेबांना दोन मुलगे, आणि तेवढ्यावरून धाकट्या जावेला रोज काही ना काही ऐकावे लागे. कृष्णाबाईंनी वेगळी चूल मागितली होती. दादासाहेबांनी नाही म्हटले होते. हे सारे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. गावच तेवढे होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी दादासाहेबांचा माणूस धावत आला. "डाक्टर साब, चलो. बाईसाब को काट लिया."

मी पोचलो तेव्हा आक्कासाहेब माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. रस्त्यापलीकडे गोठ्यालगतच्या खोलीत गोवऱ्या काढायला गेल्या असता उजव्या मनगटाला दंश झाला होता. घोड्यांच्या मोतद्दाराने नाग ठेचून आणला होता, तो घराच्या दाराशी पडलेला मी स्वतः पाहिला. फण्यावर दहाचा आकडा स्पष्ट होता. दंडाला फडके आवळलेले होते. मी जखम उघडली, पोटॅशचे जांभळे खडे चोळले. मनगटावर दोन बारीक टिपके दिसत होते. सूज नव्हती, काळेपणा नव्हता, आगही होत नव्हती. मला ते बरे चिन्ह वाटले.

"काय दिलं यांना?" मी विचारले.

"तूप," कृष्णाबाई म्हणाल्या. "वाटीभर कोमट तूप. सासूबाई द्यायच्या तसं."

थोड्याच वेळात आक्कासाहेबांच्या पापण्या मिटू लागल्या. जीभ जड झाली, लाळ गिळवेना. बाहेर बायका कुजबुजू लागल्या, "अफू चढल्यासारखी दिसतेय." माळव्यात अफू घरोघर. पोरे रडली तरी बोटाला लावून चाटवीत. अफूची गुंगी कशी दिसते हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

मी बोटाने पापणी वर केली. बाहुली नेहमीसारखी होती. "आक्कासाहेब, माझं ऐकू येतंय का? येत असेल तर बोट दाबा." त्यांनी माझे बोट दाबले. त्या जाग्या होत्या. सगळे ऐकत होत्या. फक्त डोळे उघडण्याचे आणि बोलण्याचे बळ गेले होते. मग श्वास उथळ झाला. मी त्यांना आडवे करून छाती दाबून, हात वरखाली करून श्वास चालवण्याचा प्रयत्न केला, घामाघूम होईपर्यंत केला. दुपारच्या आत सगळे संपले.

माझे हात रिकामे होऊन मी बाहेर आलो तोवर घरच्यांनी नागाला अग्नी देऊन टाकला होता. मारलेल्या नागाला तसे करतातच. त्याच्या डोक्यातल्या विषाच्या पिशव्या मला हव्या होत्या, पण त्या राखेत शोधायला काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फौजदार दवाखान्यात आले. सावकाश बोलणारे, समोरच्याच्या हाताकडे पाहणारे गृहस्थ. "डॉक्टर, नाग चावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हात सुजून केळीच्या खोडासारखा होतो. बाईंच्या हाताला सूज का नाही?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तूप कोणी दिलं?"

"धाकट्या बाईंनी."

"तुपाची वाटी मागवली होती. घासूनपुसून फडताळात लावलेली मिळाली." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. "इतक्या रडारडीत भांडी घासायचं कोणाला सुचलं असेल?"

खरे म्हणजे मोलकरणीने रोजच्याप्रमाणे सगळी भांडी घासली होती, तसे तिने सांगितलेही. पण मोलकरीण कृष्णाबाईंच्या माहेरची, धारची होती. मग तिचे कोण ऐकतो? आणि मीही सरळ सांगतो, त्या दिवशी माझे मन फौजदारांच्याच बाजूला झुकत होते. नाग चावला हे खरे. पण चावल्याच्या आडोशाने दुसरे कोणी काम उरकून घेतले नसेल कशावरून? अशा युक्त्या मी ऐकून होतो. फक्त बाहुली आणि दाबलेले बोट यांचा मेळ बसत नव्हता. अफूने बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि माणसाचे भान जाते. इथे भान शेवटपर्यंत होते.

त्यातच दोन्ही पात्यांचा पेच निघाला. घर थोरल्या पातीत, पण गोवऱ्यांची खोली रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीत. दंश एका राज्यात, तूप दुसऱ्या राज्यात. दोन्हीकडच्या अंमलदारांनी फार अदबीने एकमेकांना विचारले की हे प्रकरण आपले की तुमचे. शेवटी मृत्यू जिथे झाला तिथे चौकशी, असे ठरले.

गोमानाथही सुटला नाही. नाग निघाला म्हणून त्याला ती खोली तपासायला बोलावले होते. त्याने गोवऱ्या हलवून पाहिल्या आणि सांगितले, "अब कंई नी हे, साब. खाली हे."

खोली रिकामी नव्हती. सुतकातच कृष्णाबाई त्या खोलीत गोवऱ्या आणायला गेल्या. घरातली बाकी कोणी बाई तिथे पाऊल ठेवायला तयार नव्हती आणि स्वयंपाक तर करायचा होता. त्यांच्या उजव्या तर्जनीला दंश झाला.

या वेळी मी नाग मारू दिला नाही. गोमानाथाला बोलावून तो जिवंत धरवला आणि मडक्यात घालून दवाखान्यात नेला. पहिल्यासारखाच. लांबी तेवढीच, रंग तोच, फण्यावर तोच आकडा. मी जर दोघांना शेजारी ठेवू शकलो असतो तर वेगळे ओळखता आले नसते.

पण कृष्णाबाईंची गत आक्कासाहेबांसारखी झाली नाही. पापण्या मिटल्या नाहीत, जीभ जड झाली नाही. बोट मात्र पाहता पाहता सुजले, मग पंजा, मग कोपरापर्यंत हात. कातडी काळीनिळी पडली, फोड आले. बाई दातांत पदर धरून बसल्या होत्या, एकदाही ओरडल्या नाहीत. पुढे बोटाचे मांस सडले आणि पेरे मला कापून काढावे लागले.

वाचल्या खऱ्या, पण त्या वाचण्यानेच घात केला. फौजदार म्हणाले, "बघा, नाग चावला की असं दिसतं. थोरल्या बाईंना तसं काही झालं नाही." बायका त्याहून पुढे गेल्या. संशय जावा म्हणून हिने मुद्दाम बोट पुढे केले, असे पाणवठ्यावर बोलले जाऊ लागले. गोमानाथाने दुसरा नाग जाणूनबुजून सोडला, असेही निघाले. कोणी म्हणे बाईच्या सांगण्यावरून, कोणी म्हणे पुन्हा बोलावणे यावे म्हणून. गोमानाथ माझ्यापाशी येऊन रडला. "म्हारे बाल-बच्चा हे, साब. म्हूं एसो काम करूं?"

पट्टी बदलायला गेलो असता कृष्णाबाईंनी मला विचारले. रघुनाथराव शेजारी उभे होते.

"डॉक्टरसाहेब, तुम्हालाही तसंच वाटतं का?"

मी पट्टीकडे पाहत म्हणालो, "मला अजून काहीच वाटत नाही."

"मग वाटेल तेव्हा सांगा," त्या म्हणाल्या. "जे वाटेल ते. पण मला सांगा, बाहेर नको."

त्या दिवशी दवाखान्यात परतल्यावर मी पेले मांडले. मडक्यांत गोमानाथाने आणलेले आणखी नाग होते. एक गावातल्याच माताजीच्या टेकडीच्या पायथ्याचा, एक दूर धारच्या बाजूच्या अमझेऱ्याकडून आलेला. इतके दिवस मी सगळ्यांचे विष एकत्र करत आलो होतो. या वेळी प्रत्येकाचे वेगळ्या पेल्यात घेतले. कृष्णाबाईंना चावलेल्याचे पिवळे आणि दाट. टेकडीच्या नागाचे पाण्यासारखे. वेगवेगळे वाळवले, सोनाराच्या काट्यावर सारखेच तोलले, आणि सारख्याच पाण्यात विरघळवायचे ठरवले. कारण नाग कधी जास्त ओततो, कधी कमी, कधी नुसता दात लावून सोडून देतो, हे मला माहीत होते. तो फरक काढून टाकायचा होता. वजन तेच ठेवून परिणाम बदलतो का, एवढेच पाहायचे होते.

चौकशीचे न्यायाधीश विचारी होते. मी विनंती केली, त्यांनी मान्य केली. दवाखान्याच्या अंगणात ते स्वतः, फौजदार आणि दादासाहेब असे तिघे आले. मी पिंजऱ्यात तीन पारवे ठेवले होते.

मी पिचकारी भरली तसे फौजदार म्हणाले, "थांबा. त्यात अफू नाही कशावरून?"

मला राग आला, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. "मग तुम्हीच करा," मी म्हणालो. त्यांनी विषाचे खडे अफूचा वास येतो का हे हुंगून स्वतः उचलले, पाणी स्वतःच्या घरून मागवले, पिचकारी स्वतः धुतली. मी फक्त कुठे टोचायचे ते दाखवले. इतक्या संशयी माणसाने केले म्हणूनच त्या प्रयोगाला पुढे किंमत आली.

पहिल्या पारव्याला कृष्णाबाईंच्या नागाचे विष दिले. थोड्या वेळात त्याचा पाय सुजला, काळा पडला. पाखरू लंगडत, चोच उघडून बसले, पण डोळे टक्क उघडे होते. दुसऱ्याला अमझेऱ्याच्या नागाचे दिले. ते पेंगले, पिसे फुलवून कोपऱ्यात बसले आणि संध्याकाळी दाणे टिपू लागले. तिसऱ्याला टेकडीच्या नागाचे. त्याचा पाय शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. आधी पापण्या मिटल्या. मग मान हळूहळू खाली आली. ते पडले नाही, धडपडले नाही. नुसती छाती हलायची थांबली.

दादासाहेब पिंजऱ्याजवळ गेले, खाली बसले. त्या पाखराकडे पाहत म्हणाले, "अश्शीच. अगदी अशीच गेली ती."

गोमानाथ मागे उभा होता. त्याला हे काही पटले नव्हते. "नाग तो सब एक-सा हे, साब. यो तो वार को फरक हे," त्याचे आपले ठाम मत. मंगळवारी धरलेला नाग जास्त कडक, असे तो मरेपर्यंत मानत होता.

न्यायाधीशांनी मला विचारले, "म्हणजे आक्कासाहेबांना नागाच्याच विषाने मरण आलं, असं तुम्ही म्हणता?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "तो नाग जळाला. त्याचं विष कसं होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. एकाच जातीच्या, दिसायला सारख्या नागांचं विष वेगळं असू शकतं, सूज न येताही माणूस नागाच्या विषाने मरू शकतो, एवढं आपण पाहिलं. आणि बाईंची बाहुली बारीक नव्हती, त्या शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, हे मी पाहिलं. अफूने तसं होत नाही. यापलीकडे बोलणं माझं काम नाही."

कृष्णाबाईंवर आणि गोमानाथावर कसलाच आरोप ठेवला गेला नाही. मी जाऊन बाईंना सांगितले. त्यांनी सांगितले होते तसे त्यांनाच, आणि न्यायाधीशांपुढे बोललो तेवढेच. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे शंकेला जागा राहिलीच."

मी नाही म्हटले नाही. खोटे सांगता आले असते, पण समोर त्या होत्या.

नागांत हा फरक का पडतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. खाणे, वय, ऋतू, मुलूख, आईबापांचा वारसा, शिकलेली माणसे अशी बरीच कारणे काढतात. मी तेव्हापासून मुंबईला बाटल्या वेगवेगळ्या पाठवू लागलो आणि प्रत्येकीवर नागाचा गाव लिहू लागलो. तिकडे त्या सगळ्या एकाच भांड्यात ओतल्या जात असतील, अशी मला दाट शंका आहे.

रघुनाथरावांनी देवास सोडले आणि धारच्या दरबारात नोकरी धरली. पुढे माझीही बदली धारला झाली. मी मूळचा तिथलाच, त्यामुळे बरे वाटले. कृष्णाबाई आता चांगल्या पोक्त झाल्या होत्या. आळीतल्या बाळंतिणींना त्यांचा मोठा आधार होता. देवासच्या घरी मात्र त्या परत गेल्या नव्हत्या. कोणी या म्हटलेही नव्हते.

एकदा रघुनाथरावांचा निरोप आला, "दादा आले आहेत. जमलं तर येऊन जा." दादासाहेब मुलाच्या सोयरिकीसाठी धारला आले होते आणि इतक्या वर्षांनी भावाकडे उतरले होते. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. केस पांढरे झाले होते. शेजारी पितळी डबा होता. घरून आणलेला. आत स्वयंपाक तयार होता, वास बाहेर येत होता.

रघुनाथराव म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. तुमचं ऐकतील."

मी पुन्हा सगळे सांगितले. दादासाहेबांनी हात वर करून मला थांबवले.

"मला पटलं आहे हो. त्या पाखराला बघितलं तेव्हाच पटलं. पण पान वाढलं की हात पुढे होत नाही. त्याला मी काय करू?"

दाराआड कृष्णाबाई उभ्या होत्या. त्या आत गेल्या. मला वाटले, रडायला गेल्या. त्या पेटती शेगडी घेऊन आल्या आणि दादासाहेबांच्या समोर ठेवली. बोट तुटलेला हात पदराखाली घेतला.

"थंड खाऊ नका," त्या म्हणाल्या. "डबा तुमचा तुम्हीच ठेवा यावर. मी हात लावत नाही."

दादासाहेबांनी डबा उघडला. आमटी शेगडीवर ठेवली. आम्ही तिघे पाहत होतो आणि कोणाला उठून जाताही येत नव्हते. आमटी कढली. त्यांनी भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि थांबले. मग मान वर न करता म्हणाले,

"धाकट्या बाई, जरा मीठ देता का?"

कृष्णाबाईंनी आतून मिठाची वाटी आणली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. दादासाहेबांनी चिमूटभर मीठ घेतले, आमटीत टाकले, भाकरीच्या तुकड्याने ढवळले आणि खाऊ लागले. त्यांचे जेवण होईपर्यंत बाई दारात उभ्या राहिल्या.